आरशाचं ऊन

रघू गेल्याची बातमी घेऊन त्याचा पुतण्या चांद्याहून बल्लारशाला माझ्या घरी आला, तेव्हा मी दाढी करत होतो. गालावर साबण तसाच, आणि समोर रघूनंच दिलेला जुना आरसा... पोरानं पाणी पिता पिता विचारलं, "काका, तुमच्यापाशी त्यायचा एखादा फोटो आहे काय? घरी एकबी नाई." अख्ख्या चांद्याच्या लग्नांचे फोटो काढणारा माणूस, आणि त्याला हार घालायला फोटो नाही! मला हसूही आलं आणि रडूही. माझ्याकडेही नव्हता.

पूर्वी रविवारी फोटोचं दुकान बंद ठेवून रघू मला एका सोडून दिलेल्या कोळसा खाणीकडे न्यायचा. खाणीत पाणी भरलं, माणसं निघून गेली, कामगारांच्या खोल्यांत वेली शिरल्या. आतल्या भिंतींवर त्या माणसांनी कोळशानं चित्रं काढून ठेवली होती. मोर, आगगाडी, स्वतःच्या शेपटीहून लहान वाघ, कुणाची तरी म्हातारी आई. रघूला त्यांचं वेडच लागलं होतं. खोल्यांत अंधार, भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागे, म्हणून मी दाराबाहेर उन्हात आरसा धरायचो आणि तो काळं कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागे वाकायचा. "आरसा हालवत राह्य," तो कापडातून ओरडायचा, "थांबला का एकाच जागी डाग पडते. अन् माही सावली भितीवर नको येऊ देऊ!" उन्हाचा तुकडा सावकाश फिरायचा, मोर जागा व्हायचा, पुन्हा अंधारात जायचा. ते रविवार मला अजून झोपेत दिसतात.

पुढे विटांसाठी त्या खोल्या पाडायला घेतल्या. तेव्हा खाणीत साचलेल्या तळ्यावर मासे धरणारी मैनाबाई दुकानात आली. तिचा नवरा त्याच खाणीत कामाला होता, तापानं गेला. जाण्याआधी त्यानं खोलीच्या भिंतीवर दोघांची जोडी काढली होती. त्याची दुसरी खूण तिच्याकडे नव्हती. "भाऊ, भित पाडाच्या आंधी त्याले कागदावर घेऊन द्या," ती म्हणाली. आम्ही तिच्याबरोबर गेलो. त्या कॅमेऱ्यात फोटो काचेवर उतरायचा, आणि तशी काच सोबत एकच होती. रघूनं भिंगाचं झाकण काढलं, मी ऊन फिरवू लागलो, आणि मैनाबाई मध्येच उठून भिंतीपाशी गेली. आमच्याकडे लग्नात भिंतीवर काढलेल्या जोडीला हळद लावतात. तिनं पदराच्या गाठीतली हळद सोडून चित्रातल्या नवऱ्याच्या कपाळाला लावली. मी दचकलो, आरसा भलतीकडे हलला. रघूनं कपाळाला हात लावला. "गेली काच!"

पुढच्या रविवारी तिथे भिंतच नव्हती.

फोटोत जोडी आली होती, पण तिच्यावर मैनाबाई धुक्यासारखी पसरली होती. रघू अगदी ओशाळून गेला. तिनं मात्र तो फोटो किती तरी वेळ पाहिला. "मी बी त्याच्यापाशीच आली न, भाऊ."

रघूच्या तेराव्याला ती तोच फोटो पदराखाली घेऊन आली. पुतण्याला कडेचा कोपरा दाखवत म्हणाली, "इथी पाय, बापू. भाऊ आहेत." होता खरा. आरसा हलला तेव्हा भिंतीवर पडलेली सावली... तीन पायांवरचा कॅमेरा आणि मागे वाकलेला रघू. त्याच फोटोला आम्ही हार घातला. संध्याकाळी हार उतरवून मैनाबाईनं फोटो परत नेला. तिचाही माणूस त्यातच होता.

हल्ली दाढी झाली की मी आरसा दारातल्या उन्हात धरतो. समोरच्या कोऱ्या भिंतीवर उजेड फिरवत राहतो, हात भरून आला तरी थांबत नाही. फार आठवण येते त्याची. रघू, आता येऊ दे की रे तुझी सावली.