अ‍ॅडजस्ट आणि चौथी खाट

इंग्रजीतली निम्मी क्रियापदं आपण मराठवाड्यात आणून कामाला जुंपली. पण ‘अ‍ॅडजस्ट’ला जेवढं राबवलं तेवढं कुणालाच नाही. मुदखेडहून किनवटकडे जाणाऱ्या गाडीत तिघांच्या बाकावर मी सात माणसं, दोन कोंबड्या आणि एक शिलाई मशीन पाहिलंय, आणि सगळ्यांच्या तोंडी हाच एक शब्द. कोंबड्याही तेच म्हणत असाव्यात. नांदेडात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण बाकी शब्दांचं स्पेलिंग पोरांना घोकून घ्यावं लागायचं, हा एक शब्द पोरं आईच्या पोटातून शिकून यायची.

मला त्याचा राग कधी आला नव्हता. आला तो भाचीच्या फोनमुळे.

भाची हिमायतनगरची, माझ्या धाकट्या बहिणीची लेक. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी लातूरला खोली घेऊन राहिलेली. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली.

“मामा, मी घरी चाललेय. बॅग भरलीय.”

“अगं, का?”

“तिघींची खोली हाय. घरमालकीण काकूंनी काल चौथी खाट घातली. खाट बसंना म्हणून टेबल काढून जिन्याखाली ठेवलं. आता बसू कुठं, लिहू कुठं? आईला सांगितलं तर म्हणती अ‍ॅडजस्ट कर. बाबा म्हणतेत अ‍ॅडजस्ट कर. तुम्ही पण तेच म्हणणार असाल तर आत्ताच ठेवते.”

खरं सांगतो, शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मी तो गिळला. तो पोटात गेला आणि तिथं पेटला. पोर वर्षभर रक्त आटवतेय, आणि ऐन वेळी घरदार मिळून तिला सांगतंय काय, तर अंग चोर! “बॅग उघड,” मी म्हणालो. “उद्या येतो. त्या बाईला शब्दाचा अर्थच दाखवतो.”

शब्दांच्या कुळकथा देणारा माझा कोश म्हणजे ग्रंथ नव्हे, उखळ आहे. तो घेऊन मी लातूरच्या एसटीत चढलो, तर लोह्यापासून अहमदपूरपर्यंत गाडी डावीकडे कलून चालली. कंडक्टर म्हणाला, “सर, ह्याचं अर्धं तिकीट तरी काढा.” शेवटी चाकूरला ड्रायव्हरनंच तो मागून घेतला आणि स्वतःच्या सीटखाली ठेवला, तेव्हा कुठं गाडी सरळ झाली.

घरमालकीणबाईंनी मला मोठ्या मानानं पुढच्या बैठकीत बसवलं. काय ती बैठक! त्या सोफ्यावर एखाद्या गावाची आख्खी ग्रामसभा बसली असती. सोफ्यावर दुकानातून आला त्या दिवसाचं प्लास्टिक तसंच. बसलो की करकरलं. कपाटात काचेचे पेले, भिंतीवर पंखा, दोन मोठ्या खिडक्या. चहा पिऊन मी पोरींची खोली पाहायला गेलो. खोली अशी, की एक शिंकली तर उरलेल्या तिघींच्या वह्यांची पानं उलटावीत. कूस बदलायची तर मतदान घ्यावं लागावं. चौथ्या खाटेवर नुकतीच आलेली पोरगी बसली होती. किनवटकडची, आश्रमशाळेच्या वसतिगृहात शिकून आलेली. ट्रंक मांडीवर घेऊन. ट्रंक ठेवायला जमीनच उरली नव्हती.

“ताई,” मी दारातून गरजलो, “ही माणसं आहेत का हरभऱ्याची पोती?”

“सर, लातुरात सगळेच करायलेत,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पोरी हायेत, अ‍ॅडजस्ट होतील की.”

झालं. मी तिथंच कोश उघडला आणि तास घेतला. सांगितलं की ह्या क्रियापदानं इंग्रजीत घड्याळं लावली, तराजू नीट केले, चष्मे नाकावर बसवले. माणूस वस्तूला वळवायचा, माणसाला नाही. माणसानं स्वतःच वाकायचं, हा अर्थ फार उशिरा चिकटला, आणि आपण तेवढाच उचलला. शब्दाच्या चेहऱ्यात ‘जस्ट’, म्हणजे न्याय्य, दिसतो म्हणून विद्वानांनी त्याला न्यायाच्या घराण्यात दत्तकसुद्धा दिलं होतं!

“दत्तक?” बाईंनी बरोबर तेवढंच पकडलं. “मग मूळ घराणं कोणतं?”

मी पानावर बोट ठेवलं. पुस्तकात जे लिहिलंय ते मास्तराला खोटं वाचता येत नाही. “मूळ लॅटिन. ‘युक्स्ता’ म्हणजे शेजारी. तिथून फ्रेंचांनी केलं, जवळ आणणं, जोडणं.”

“हाव ना!” बाईंनी टाळी वाजवली. “मग खाटा जवळ जवळच तर लावल्यात मी. मी काय वेगळं करायले?”

सात शेरांचा कोश माझ्याच पायावर पडला. तीन पोरी उशीत तोंड खुपसून हसत होत्या. चौथी मात्र हसत नव्हती. माझा आवाज वाढला तशी ती ट्रंक घट्ट धरत गेली होती, आणि आता उभी राहिली. “मी जाते सर,” ती म्हणाली. “माझ्यामुळंच हाय ना हे.”

मग माझी भाची बोलली.

“तू बस. मामा, तुम्ही हिला काढायला आलाव का?”

“छे, मी तर तुझ्यासाठी…”

“मग कशाला भांडायलाव चौथ्या खाटेवरून? आम्ही चौघी हिथं कोंबून बसलोत, अन् तुम्ही कुठं बसून चहा पिलाव?” ती बाईंकडे वळली. “काकू, ती बैठक वर्षभर बंद हाय. मी आल्यापासून त्या सोफ्यावर फक्त मामा बसलेत.”

“अगं, ती सोयरिकीच्या पाहुण्यांसाठी हाय! पोराचं लगीन करायचंय. उद्या पाहुणे आले तर काय खाटांवर बसवू?”

“बसवा. चार होणाऱ्या डॉक्टरणी बघून लई खूश होतील.”

आमच्याकडच्या प्रत्येक घरात ही एक खोली असते. सगळ्यांत हवेशीर, सगळ्यांत उजेडाची, आणि न येणाऱ्या माणसांसाठी राखलेली. घरची माणसं मागं घामेघूम, पोरी भिंतीला चिकटलेल्या, आणि पुढं प्लास्टिकमधला सोफा राजासारखा एकटा. माझ्या नांदेडच्या घरातही आहे. तिथं मी माझ्या पोरीला अभ्यासाला कधी बसू दिलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून वाचायची. हे त्या दारात उभा असताना मला पहिल्यांदा दिसलं, आणि सगळ्या संतापाचं तोंड माझ्याकडेच वळलं.

“दोन महिने,” बाई अखेर म्हणाल्या. “परीक्षेपुरतं. अन् प्लास्टिक फाटायला नको.”

सोफा गच्चीच्या जिन्यात नेताना चार पोरी, मी, बाई आणि शेजारचे दोन दुकानदार लागले. बैठकीत दोन खाटा आल्या. भाचीनं किनवटच्या पोरीला खिडकीखालची दिली. मग दोघींनी मिळून जिन्याखालचं टेबल ओढत आणलं, मध्ये ठेवलं, आणि समोरासमोर बसल्या.

बाई दारात आल्या. “सर, जेवूनच जा आता. पिठलं टाकते.”

“ताई, मी खरं तर तुमची माफी…”

“मामा,” भाची वहीतून मान वर न काढता म्हणाली, “काय बोलायचं ते बाहेर बोला. दार ओढून घ्या.”