थांबलेला माऊस

माझ्या साडूला भेटून न हादरता घरी परतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः तर माझं लग्न झाल्यापासून नियमितपणे हादरतो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सिडकोतल्या घरात बसून तो लोकांच्या वेबसाइट बनवून देतो. मेहुणी चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात तो आणि पंचविशीची लेक, दोघंच. त्याचा जगाबद्दल एकच सिद्धांत आहे. माणूस काय बोलतो ते सोडून द्यावं, तो कुठं रेंगाळतो ते बघावं. एका लग्नात जेवणाच्या टेबलाशी उभा राहून त्यानं आमच्या सासऱ्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, "मामा, वाढून घेतलं वरण, पण हात थांबला होता गुलाबजामवर. घ्या की एक!" सासऱ्यांना साखरेचा आजार. सासूबाईंनी त्यानंतर दोघांशीही अबोला धरला. गुलमंडीवर चपलांच्या दुकानात तर त्यानं एका परक्या बाईंना अडवलं. "ताई, तुम्ही त्या जांभळ्या जोडापाशी लई वेळ उभ्या होता, मग काळी कशाला घेताय?" बाईंनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याला हाक मारली. मी तोपर्यंत शेजारच्या दुकानात जाऊन स्टीलचे डबे बघायला लागलो होतो.

हाच सिद्धांत त्यानं जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या कोडमध्ये उतरवला, तेव्हा मात्र माझी बोबडीच वळली. गावातल्या एका वधूवर मंडळाची वेबसाइट त्यानं हौसेनं फुकट करून दिली होती. "बघ," तो मला समजावत होता, "माऊस फोटोच्या चौकटीत शिरला की घड्याळ लावायचं. लगेच बाहेर पडला तर घड्याळ बंद. तो नुसता रस्त्यानं जाणारा. पण दोन सेकंद टिकला, तर समजायचं, मन बसलं. आणि बाहेर पडेपर्यंत मोजत राहायचं." मी विचारलं, "आणि हे कळतं कुणाला?" तो म्हणाला, "मला." मी म्हटलं, "अरे, ही चक्क हेरगिरी झाली! लोक जोड्यानं मारतील!" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "लोकांचं नंतर काढून टाकीन. पोरीपुरतं तरी ठेवू दे. एकेक स्थळाला नको म्हणतीय, अन् का ते सांगंना. आई असती तर तिला सांगितलं असतं."

एका रविवारी दुपारी मी त्याच्याकडं गेलो होतो. लेक आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर स्थळं बघत होती आणि हा बाहेर लॅपटॉपवर तिचा माऊस बघत होता. मला बघताच त्यानं आत तोंड करून चहाची फर्माईश केली आणि लगेच माझा दंड धरला. "थांबली! अरे, थांबलीय बघ!" पैठणच्या एका मुलाच्या फोटोवर माऊस टेकला होता. मुलानं जायकवाडी धरणाच्या भिंतीपाशी गॉगल लावून फोटो काढला होता. दोन सेकंद झाले, मिनिट झालं, पाच मिनिटं झाली. चहा आला. थालीपीठ आलं. थालीपिठावर लोणी आलं. "हळू बोल," साडू तोंडातला घास सांभाळत कुजबुजला, "तिची तंद्री मोडंल." दुसरं थालीपीठ आलं तरी माऊस जागचा हलला नव्हता. साडूच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही आलं.

पुढच्या रविवारी पैठणची मंडळी हजर! लेकीला त्यानं फक्त "पाहुणे येणारेत" एवढंच सांगितलं होतं. मला तिथं गेल्यावर कळलं आणि मी सोफ्यावर मटकन बसलो. पोहे झाले, ओळखी झाल्या आणि माझ्या साडूनं अभिमानानं जाहीर केलं, "आमच्या पोरीचा माऊस तुमच्या मुलाच्या फोटोवर तब्बल बावीस मिनिटं होता!" मुलाच्या आईचा चमचा हवेतच राहिला. मुलगा लाजून पंख्याकडं बघायला लागला. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कधी, बाबा?"

"मागच्या रविवारी दुपारी."

"मागच्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही चहा मागितला, मी माऊस तिथंच सोडून उठले. नंतर तुम्हा दोघांना थालीपिठं कुणी आणून दिली?"

माझ्या साडूला हादरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ती समोर येऊन ताटात वाढून गेली होती आणि आम्ही दोघं शहाणे लॅपटॉपमध्ये तिला शोधत होतो! मुलाचे वडील समजूतदार निघाले. "होतं असं कधीकधी," म्हणत त्यांनी निरोप घेतला.

पाहुणे गेल्यावर साडूनं लेकीला समोर बसवलं. "मग सगळ्यांनाच नको का म्हणतीस?"

"मी गेल्यावर तुम्ही काय खाणार, बाबा? तुम्हाला गॅस लावता येत नाही. नाशिकच्या नोकरीला पण त्याच्यामुळंच नाही म्हणायलेय."

"कोणती नोकरी?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही स्क्रीनकडं बघत व्हय व्हय म्हणालात."

त्यानं लॅपटॉप मिटून बाजूला सारला. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. मग तो म्हणाला, "नाशिकवाल्यांना फोन लाव. येते म्हणून सांग. लग्नाचं तुझं तू बघ, मी तुला विचारल्याशिवाय काही करणार नाय."

तिला नाशिकला जाऊन आता तीन महिने झाले. वेबसाइटवरचं ते घड्याळ त्यानं तिच्यासकट सगळ्यांसाठी काढून टाकलं. परवा सकाळी त्याचा माझ्या बायकोला व्हिडिओ कॉल आला. फोन मिक्सरला टेकवून तो दोन्ही हातांत दोन बरण्या धरून उभा होता. "यातलं जिरं कोणतं अन् बडीशेप कोणती, सांगा बरं." मागं कढईतून धूर निघत होता. बायकोनं सांगितलं आणि म्हणाली, "भाऊजी, आम्ही येतो ना डबा घेऊन."

"नको, नको," तो घाईनं म्हणाला. "फक्त पोरीला सांगू नका. लगेच परत येईल ती."