पंचवीस मोहरम

कोर्टाचा बेलिफ गल्लीत आला, तेव्हा बाबालाल एका पातेल्याला कल्हई लावत होता. समन्स हातात पडलं आणि पातेलं तसंच भट्टीवर राहिलं. उभ्या जन्मात तो कधी कोर्टाची पायरी चढला नव्हता.

महाराजांच्या कोल्हापुरात पेठेपेठेतून नगरपालिकेचे सभासद निवडायची रीत तेव्हा नवी होती. पेठेतून हंबीरराव निवडून आला. पडलेल्या सयाजीरावानं फिर्याद ठोकली, की उमेदवाराचं वय पंचवीस पुरं लागतं आणि हंबीररावाचं तेवढं भरत नाही. जन्माची नोंद कुठंच नव्हती. साक्षीला उरला एकटा बाबालाल.

कारणही तसंच होतं. पेठेचा पिराचा पंजा पिढ्यान्‌पिढ्या बाबालालच्या घरी, आणि मोहरमात तो बसायचा हंबीररावाच्या आईच्या, धोंडुबाईंच्या दारातल्या चौथऱ्यावर. धोंडुबाईंची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरं झालं तेव्हा त्यांनी पंजाला नवस केला, ‘हे जगलं तर दर मोहरमाला फकीर करीन.’ पोर जगलं. तेव्हापासून दर मोहरमाला बाबालाल त्याच्या गळ्यात फकिरीचा नाडा घालायचा आणि नाड्याला एक गाठ वाढवायचा. पहिली गाठ मारली तेव्हा पोर वर्षाचं होत आलं होतं. आता गाठी झाल्या होत्या पंचवीस.

साक्षीच्या आदल्या दिवशी हंबीरराव स्वतः दुकानात आला. भट्टीपाशी उकिडवा बसला.

“बाबाचाचा, खोटं काय बी सांगायचं न्हाय. पंचवीस मोहरम बांधलं म्हणायचं. बास.”

“तेच खरं हाय की दादा.”

“मग त्वांड कशाला उतरलंय?” हंबीरराव हसला. “आवो, सीट गेली तर माझी जाईल, तुमचं काय जातंय? लई तर काय, औंदा पंजा बसवाय दुसरा चौथरा हुडका.”

तो हसत निघून गेला. बाबालालला मात्र हसू फुटेना.

दुपारी जेवायला बसल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. नजीरा भाकरी थापता थापता थांबली.

“अवो, पयली गाठ मारली तवा मी नवी नवरी हुती. पेठेत आंब्याच्या पाट्या उतरत हुत्या. आन्‌ परवाची शेवटची?”

“शेंगा काढायचं दिस हुतं.”

“मग? मोहरम सरकत गेला न्हवं का? पंचवीस मोहरम म्हंजी सरकारची पंचवीस वर्सं कशी हुतील?”

घास बाबालालच्या तोंडातच राहिला. मोहरम दर साली दहा-अकरा दिवस अलीकडं येतो, हे त्याच्या घरात लेकरालाही ठाऊक. पण गाठी मोजताना ना त्याला ते आठवलं, ना धोंडुबाईंना. ‘पंचवीस गाठी, पंचवीस वर्षं’ असं दोघंही साऱ्या पेठेला बिनघोर सांगत आले होते. म्हणूनच तर हंबीरराव उभा राहिला होता.

“तू गप बस,” तो म्हणाला. “कुनाला बोलू नगंस.”

“मी बोलत न्हाय. तुमीच कुराणावर हात ठेवणार हाय.”

कोर्टात बाबालालनं कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. मागच्या बाकावर धोंडुबाई डोक्यावरचा पदर सावरून बसल्या होत्या. हंबीररावाच्या वकिलानं विचारलं, “गाठी किती?” बाबालाल म्हणाला, “पंचवीस.” सयाजीरावाचा वकील तोंड पाडून कागद आवरू लागला. त्याच्याही ध्यानात काही आलं नव्हतं. सुटलो, असं बाबालालला वाटलं.

तेवढ्यात न्यायाधीशांनी लिहिता लिहिता सहज विचारलं, “म्हणजे मुलाला पंचवीस वर्षं पुरी झाली. बरोबर?”

व्हय म्हणायचं, की संपलं. कुणालाच कळणार नव्हतं. बाबालालनं आपल्या हाताकडं पाहिलं. मघाशी कुराणावर ठेवलेला हात तो हाच, आणि नाडा बांधणाराही हाच.

“मोहरम पंचवीस, सायेब,” तो म्हणाला. “वर्सं... वर्सं तेवढी भरत न्हाईत.”

न्यायाधीशांनी जुनी पंचांगं मागवून हिशेब केला; वय पंचवीसच्या आतच निघालं. निवडणूक रद्द झाली. हंबीरराव त्याच्या अंगावरून निघून गेला, त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. धोंडुबाई तेवढ्या क्षणभर थांबल्या आणि पुढं गेल्या.

त्यानंतरचे महिने बाबालालनं कसे काढले, ते नजीरालाच ठाऊक. हंबीररावाच्या वाड्यातून एकही भांडं कल्हईला आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी कुणी खाकरलं तरी तो दचके. मोहरमचा चांद दिसला तसा तो पंजा पुसून घरातच बसून राहिला. चौथरा मागायला कुठल्या तोंडानं जायचं?

दुसऱ्या दिवशी दारात धोंडुबाई उभ्या. एकट्याच.

“चौथरा सारवून ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “वाळून फुपाटा व्हायच्या आत पंजा आण.”

“आक्का, दादा?”

“त्यो येणार न्हाय. अजून तुझ्यावर जळतोय.” त्यांनी कनवटीचा जुना नाडा काढून त्याच्यापुढं धरला. “नवस माझा हाय, त्येचा न्हाय. मार गाठ.”

बाबालालनं नाडा घेतला. सवयीनं तो आधीच्या गाठींवरून अंगठा फिरवू लागला, तशी म्हातारी करवादली,

“मोजू नगंस बाबा आता. नुसती मार.”