कप्तानांचे आजारी मासे

शेजारच्या शिवणवाल्या काकूंचे यजमान बोटीवर इंजिनं दुरुस्त करायचे, पण सगळे त्यांना कप्तानच म्हणत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तोंडातून एखाददुसरा शब्द निघे. बैठकीत भिंतभर खाऱ्या पाण्याची टाकी होती, प्रवाळांची, रंगीत माशांची. कप्तान दिवसभर तिच्यासमोर पडून असत. टाकी त्यांची, राबणं काकूंचं.

परगावच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. नणंद घर सांभाळायला येणार होती, काकूंची बॅग भरून तयार होती. जाण्याआधी नवऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी एक पिवळाधमक मासा आणला आणि वेगळा न ठेवता थेट टाकीत सोडला. तिथंच माशी शिंकली.

थोड्याच दिवसांत सगळ्याच माशांच्या परांवर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके दिसू लागले. मासे दगडांना अंग घासत, धापा टाकत.

"परजीवी आहेत, काकू," दुकानदार म्हणाला. "माशावर पोसतात, मग वाळूत उतरून कवच करतात. त्यातून शेकडो पिल्लं निघून पुन्हा माशांना चिकटतात."

"मग टाका ना औषध!"

"तांब्याचं औषध आहे. इथं टाकलं तर प्रवाळ मरतील. मासे दुसऱ्या टाकीत हलवून तिथं द्यायचं. ही टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची, म्हणजे उरलेले परजीवी उपाशी मरतील."

"तुम्हीच न्या हो हे मासे. मला लेकीकडे जायचंय."

"आजारी मासे नेले तर माझं दुकान बसेल."

नणंदेनंही हात वर केले. "वहिनी, दादाचं सगळं करीन. पण हे तांबं-बिंबं मला झेपायचं नाही."

काकूंनी दगड उपसून एकेक मासा धरला. सुईनं टोचलेल्या बोटांना खारं पाणी झोंबत होतं. शिलाई मशीनशेजारी दुसरी टाकी मांडली. रोज नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे, तांबं किती आहे ते रंगावरून ताडून बघायचं. तांबं कमी पडलं तर रोग राहतो, जास्त झालं तर मासा जातो. सगळ्यात जुना केशरी मासा गेलाच. कप्तानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आई, निघालीस का?" लेक फोनवर विचारी. मग तिनं विचारणं सोडलं.

नातू झाल्याचं काकूंनी ओल्या हातानं फोनवर पाहिलं. तोच फोन नवऱ्यासमोर धरून म्हणाल्या, "बघा. आणि मी इथं माशांची सुईण!"

कप्तान म्हणाले, "देऊन... टाक."

"आता? आता कोण घेतंय?"

"बरे... झाले... की."

"हे आधी सुचलं नाही तुम्हाला!" काकू आत गेल्या आणि कापड न लावताच मशीन चालवत बसल्या.

मासे बरे झाले. रिकाम्या टाकीची मुदत संपल्यावर दुकानदार मासे, प्रवाळ, दगड सगळं खुशीनं घेऊन गेला. टाकी तेवढी राहिली. ती खोलीतच बांधलेली होती, दारातून निघेना. मग दोघं लेकीकडे राहायला गेली. गाडीत कप्तान आवाज न करता रडत होते.

परवा काकूंचा फोन आला. "इथंही बाहेर पडणं होत नाही. एका खोलीत बाळ, दुसरीत हे. यांच्यासमोर आता नुसती भिंत आहे. विचारलं, आणू का छोटी टाकी? 'नको' म्हणाले."