चिंचेखालचा देव

सहादू बोडके जन्मभर पाण्याचे मीटर वाचत हिंडले. निवृत्तीनंतर माणसाने नातवंडांत रमावं. हे आमच्या मखमलाबादकडच्या कॉलनीतल्या चिंचेत अडकले. रस्ता रुंद होणार, चिंच जाणार, अशी नोटीस खोडावर लागली आणि काकांनी हरकती लिहायला घेतल्या. त्याला सहा वर्षं झाली. 'चिंच बचाव' ग्रुपवर एकशे चौदा माणसं. सुनावणीची तारीख टाकली की चाळीस अंगठे वर. प्रत्यक्ष सुनावणीला काका आणि त्यांचा डबा. साहेब मीटिंगमध्ये असत. काम म्हणून काय ते डब्याचं व्हायचं.

वड-पिंपळ असता तर देव आपोआप मिळाला असता. चिंचेच्या वाट्याला भुतं, आणि ठेकेदार भुतांना भीत नव्हता. शेवटी झाड पाडायचा दिवस आला, तेव्हा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं काम केलं. पहाटे एक दगड शेंदूर-तेलात माखून बुंध्याशी ठेवला. दहाला करवत घेऊन आलेल्या मजुरांनी चपला काढल्या, हात जोडले आणि निघून गेले. पुढे रस्त्यानेच चिंचेला वळसा घातला. काकांनी आनंदाने पेढे वाटायचे, तर दिवसभर हाताचा शेंदूर घासत बसले.

मग नारळ आले. नारळामागे ओटा, ओट्यामागे गोरक्षचं मंडळ. गोरक्ष कोपऱ्यावरचा टायरवाला. श्रद्धा खरी, हात सढळ. त्याने फरशी बसवली आणि सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात चिंचेचा शेंडा वाळला. मुळांना पाणी जात नाही, हे सांगायला काका गेले.

"काका, ठेकेदाराशी भांडलात, ठीक. आता देवाशी पण?" गोरक्ष म्हणाला. "झाड त्याच्यामुळेच वाचलंय."

काका परतले. खरं सांगावं तर देवाचा पुन्हा दगड होणार आणि करवत येणार. न सांगावं तर चिंच उभ्या उभ्या वाळणार. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, भागुबाईंनी, गोरक्षला गाठलं. देव स्वप्नात आला, म्हणाला, अंग भाजतंय, भोवती माती ठेवा. गोरक्षने त्याच संध्याकाळी बुंध्याभोवतीचं हातभर सिमेंट फोडलं. ना अर्ज, ना सुनावणी.

"खोटं बोललीस," काका म्हणाले.

"तुम्ही देव बसवला, मी त्याला बोलतं केलं. कुणाचं पाप मोठं, ते तुम्हीच बघा."

आता काका रोज त्या हातभर मातीत दोन बादल्या ओततात. खालच्या फांदीला चार पोपटी पानं आली आहेत. पण गोरक्षला पत्र्याचा मंडप टाकायचाय आणि नेमकी तीच फांदी आड येते. काल काकांनी बायकोला हळूच विचारलं, स्वप्न पुन्हा पडेल का.

"त्याला तरी किती वेळा उठवायचं?" भागुबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तोही दमला असेल."

काका बादली घेऊन उठले. मंडपाला अजून तीन आठवडे आहेत.