निर्जंतुकराव आणि टाकीतली वाळू

निर्जंतुकराव हात धुऊन झाले की साबणही धुऊन ठेवत. टीव्हीचा रिमोट त्यांनी स्पिरिटने इतक्या निष्ठेने पुसला होता की त्यावरचे आकडे केव्हाच उडून गेले होते. घरातली माणसं अंदाजाने बटणं दाबत आणि जे लागेल ते बघत बसत. हे नाव त्यांना कोणी ठेवलं यावर मात्र एकमत नव्हतं. बायको म्हणे मुलाने, मुलगा म्हणे आईने, आणि इस्पितळातले लोक म्हणत, तो मान आमचा.

इस्पितळाच्या तळघरात निर्जंतुकीकरण विभाग होता, त्याचे ते प्रमुख. वरच्या मजल्यांवर वापरलेले चिमटे, कात्र्या, सुऱ्या खाली येत, धुतल्या जात, कापडात गुंडाळल्या जात आणि कपाटाएवढ्या वाफेच्या यंत्रात शिरत. प्रत्येक गुंडाळीवर एक चिकटपट्टी असे. वाफ पुरेशी लागली की त्या पट्टीवर काळे पट्टे उमटत. पट्टे उमटले म्हणजे आतलं सगळं मेलं. निर्जंतुकरावांना या पट्ट्यांकडे बघून जसं भरून यायचं तसं आमच्या लग्नाच्या फोटोंकडे बघूनही येत नाही, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

घरात त्यांचं कोणी ऐकत नसे. मुलगा बाहेरून आला की तसाच पलंगावर पसरायचा. बायको म्हणायची, "अहो, जंतूंनाही जगू द्या की थोडं, ते काय आपलं जेवतायत?" अख्ख्या घरात त्यांचा एकच अनुयायी होता, तो म्हणजे सासूबाई. दारातून आत येताच न सांगता पाय धुणाऱ्या त्या एकट्याच. सासरे गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या त्या दोन बॅगा आणि एक टाकी घेऊन, आणि निर्जंतुकरावांना पहिल्यांदाच घरात बहुमत नाही तरी बरोबरी मिळाली.

टाकी खाऱ्या पाण्याची, टेबलावर मावेल एवढी. आत जांभळट झालेले दगड, त्यांवर हळूच डुलणारे मऊ प्रवाळ, एक लाजाळू कोळंबी आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. सगळं सासऱ्यांनी हौसेने जमवलेलं. सासूबाई सकाळी आधी या जोडीशी बोलत आणि मग माणसांशी. जोडीतली मादी मोठी आणि रागीट होती, नर बारका आणि तिच्या मागे मागे फिरणारा. "अगदी आमच्यासारखे," असं सासूबाई म्हणत, आणि लेक खो-खो हसे.

भानगड होती ती तळाच्या वाळूची. सासऱ्यांच्या काळापासून ती तशीच पडून होती. माशांची घाण, न खाल्लेलं अन्न, सगळं तिच्यात मुरलेलं. काचेजवळून बघितलं तर खालचा थर काळा दिसायचा. दगडांवर तपकिरी शेवाळ चढायला लागलं होतं, आणि नर शेपटी आपटून उडवी ती वाळू प्रवाळांच्या डोक्यावर बसत होती. निर्जंतुकरावांना त्या काळ्या थरामुळे जेवण जाईना. आपल्या बैठकीत, आपल्या डोळ्यांदेखत, कोणीतरी वर्षानुवर्षं घाण साठवतंय, आणि तीही दिव्याच्या उजेडात!

"आई, ही वाळू काढू या," ते एकदा म्हणाले. "वाळूशिवायही टाकी छान चालते. तळ पुसता येतो."

सासूबाईंनी काचेवरून हात फिरवला. वाळू नवऱ्याने आपल्या हाताने घातलेली. "काढा," त्या शेवटी म्हणाल्या. "पण जोडीला काही झालं तर मी धाकट्याकडे राहायला जाईन. आत्ताच सांगून ठेवते."

धाकटा म्हणजे त्यांचा मुलगा. त्याच्या घरी सगळे चपला घालून स्वयंपाकघरात जातात हे निर्जंतुकरावांनी स्वतः पाहिलेलं होतं. अनुयायी असा शत्रूच्या छावणीत गेलेला त्यांना परवडणार नव्हता.

म्हणून त्यांनी घाई केली नाही. माशांच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, एकदम काढाल तर खालचं विष वर येईल, दर आठवड्याला पाणी बदलताना एका कोपऱ्यातली थोडीथोडी काढा. निर्जंतुकरावांनी ते तंतोतंत पाळलं. दर रविवारी बारीक नळी घेत, काचेलगतची वाटीभर वाळू पाण्याबरोबर बादलीत ओढत, आणि पाणी गढूळ व्हायला लागलं की तिथेच थांबत. पहिल्या रविवारी काळी वाळू बादलीत पडली तेव्हा घरभर कुजक्या अंड्यांचा वास सुटला. मुलगा नाक धरून बाहेर पळाला. निर्जंतुकराव मात्र विजयी चेहऱ्याने म्हणाले, "बघितलंत? मी काय म्हणत होतो?"

इतकं करून ते थांबते तर ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती. पण अर्धी सफाई त्यांच्या रक्तात नव्हती. वाळू निघतेय, मग फिल्टरमधला तो चिखलाने माखलेला स्पंज काय म्हणून तसाच ठेवायचा? आणि मागच्या बाजूचे, प्रवाळ नसलेले दगड? त्यांच्या भोकाभोकांत काय काय दडलं असेल! सोमवारी ते दोन दगड आणि स्पंज जेवणाच्या डब्यात भरून इस्पितळात नेत. रोज सकाळी वाफेचं यंत्र तपासणीसाठी एकदा रिकामं चालवावं लागे. तेव्हा त्याच्या एका कोपऱ्यात हा ऐवज कापडात गुंडाळून जाई आणि चिकटपट्टीवर ठसठशीत काळे पट्टे घेऊन बाहेर येई. पुढच्या सोमवारी पुढचे दोन दगड आणि पुन्हा तोच स्पंज.

यात चोरून काही नव्हतं. घरी आल्यावर ते गुंडाळी सर्वांसमोर उघडत.

"अगंबाई, हे जांभळे दगड पांढरेशुभ्र कसे झाले?" सासूबाईंनी विचारलं.

"स्वच्छ झाले, आई. वाफेवर."

"हे असते तर किती खूश झाले असते," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"शस्त्रक्रिया कधी आहे दगडाची?" बायकोने आतून विचारलं. तिकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

वाळू निम्म्याहून अधिक निघाली. टाकी आरशासारखी दिसायला लागली. आणि मग एका सकाळी कोळंबी उताणी पडलेली सापडली. प्रवाळांनी मुठी मिटल्यासारखी अंगं मिटून घेतली. बारका नर पाण्याच्या वरच्या टोकाला जाऊन भराभर कल्ले हलवायला लागला. मादी त्याला हाकलायलाही गेली नाही. सासूबाईंनी तपासणीच्या नळीत पाणी घेऊन त्यात रसायनाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. म्हणजे पाण्यात अमोनिया. मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरत होते.

निर्जंतुकरावांनी तातडीने चौकशी बसवली. मुलाने परफ्यूम मारला होता का? बायकोने टेबल कशाने पुसलं? समोरच्या बाईंनी टाकीच्या काचेला हात लावला होता का?

"अहो, सगळ्यांना विचारलंत," बायको म्हणाली. "आता माशांचाही जबाब घ्या."

सासूबाईंनी कपाटावरची बॅग काढून पलंगावर ठेवली. तिच्यात अजून काही भरलं नव्हतं, पण चेन उघडी होती. निर्जंतुकरावांनी थोडं पाणी बदललं, आणि कामाला जाताना त्या उघड्या चेनीकडे दोनदा वळून बघितलं.

त्या दिवशी नव्या परिचारिकांच्या तुकडीपुढे त्यांचं भाषण होतं. दर वर्षीचं, पाठ झालेलं. एक गुंडाळी उंच धरून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "हे काळे पट्टे दिसले की समजायचं, आत एकही जीव शिल्लक नाही. रोगाचा नाही, साधा नाही, उपकारी नाही. वाफ कोणाची ओळख विचारत नाही."

आणि ते थांबले. हात वरच राहिला. उपकारी. त्यांनी हे वाक्य इतकी वर्षं म्हटलं होतं, पण आज ते पहिल्यांदा ऐकलं. टाकीतली माशांची घाण पचवणारे जंतू राहतात कुठे? वाळूत, दगडांत, स्पंजात. वाळू थोडीथोडी का काढायची? तर नुसतं विष टाळायला नाही, वाळूतल्या जंतूंचं काम दगडातल्यांनी आणि स्पंजातल्यांनी हळूहळू अंगावर घ्यावं म्हणून. आणि आपण काय केलं? एकीकडे अर्ध्या कामगारांना सुट्टी दिली, आणि जे उरले त्यांना कापडात गुंडाळून वाफेत घातलं. वर पट्टे दाखवत घरभर मिरवलो!

"सर, बरं वाटत नाही का?" एका परिचारिकेने विचारलं.

"जिवंत नाही," निर्जंतुकराव पुटपुटले. "काहीच जिवंत नाही." तुकडीने ते वहीत उतरवून घेतलं.

अर्धी रजा टाकून ते थेट माशांच्या दुकानात गेले.

"मला फिल्टरचा स्पंज हवाय."

"आहे की. हा बघा, नवाकोरा, पाकीटबंद."

"नवा नको. वापरलेला. तुमच्या चालू टाकीतला."

"हा घ्या, कालच धुतलाय."

"न धुतलेला!" निर्जंतुकराव काउंटरवर ओणवे झाले. "तुमच्याकडे सगळ्यात घाण कोणता आहे? जितका घाण असेल तितका द्या. आणि एखादा जांभळा दगड, न घासलेला."

दुकानदाराने त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि कापलेल्या नखांकडे बघितलं. त्याने कुठल्यातरी धडधाकट टाकीच्या मागून एक तपकिरी, बुळबुळीत गोळा ओढून काढला. टाकीचंच पाणी भरलेल्या पिशवीत तो आणि एक दगड टाकून दिला. "काका, लवकर पोचा," तो म्हणाला. "यातले मरतात लगेच."

बसमध्ये पिशवी गळत होती. पँटवर तपकिरी डाग पसरत चालला होता. शेजारचा माणूस उठून उभा राहिला. निर्जंतुकराव पिशवी पोटाशी धरून बसले होते, आणि वळण आलं की तिच्यावर हात ठेवून म्हणत होते, "आलंच, आलंच."

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले नाहीत. बायकोने हे पाहिलं आणि ती खुर्चीत बसली.

"आई," ते सासूबाईंना म्हणाले, "कोळंबी मी मारली. दगड आणि स्पंज उकळून उकळून मी टाकीतले कामाचे जंतू मारले. परफ्यूमचा काही संबंध नाही." मग त्यांनी दोघींना सगळं समजावून सांगितलं.

सासूबाईंनी पदर खोचला. "मीही कौतुक करत होते की," त्या म्हणाल्या. "बोला, काय करायचं?"

मीठ मिसळून, कोमट करून ठेवलेलं पाणी होतं. टाकीतलं जवळपास अर्धं पाणी काढून ते भरलं. मग निर्जंतुकरावांनी दगड आत ठेवला आणि तो बुळबुळीत गोळा हातात घेऊन आरशासारख्या टाकीवर धरला. इतकी वर्षं ज्या गोष्टीशी ते लढले, ती आज आपल्या हाताने ओतायची.

"पिळा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी हलकेच दाबला. एक तपकिरी धागा पाण्यात उतरला.

"लाजताय काय? नीट पिळा!"

त्यांनी डोळे मिटून पिळला. टाकीचा चहा झाला. उरलेला स्पंज फिल्टरमध्ये बसवला. बायको म्हणाली, "आता बघवत नाही," पण तिथेच उभी राहिली.

पुढचे काही दिवस दोघंही रोज नळीत थेंब टाकत आणि रंगावरून भांडत. "फिकट आहे." "नाही आई, कालचाच आहे." पाणी बदलत राहिले, स्पंजाला कोणी हात लावला नाही. नर खाली उतरला. एका सकाळी मादीने त्याला दगडाआडून हाकललं, आणि सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. नळीतलं पाणी पुन्हा पिवळं राहायला लागलं. प्रवाळांनी आधी एक बोट उघडलं, मग सगळी.

बॅग अजून पलंगावरच होती. रविवारी धाकट्याचा फोन आला. सासूबाई बैठकीतच बोलल्या, आवाज न दाबता.

"नाही रे, आत्ता नाही जमायचं. अजून वाळू काढायची राहिलीय, वाटी-वाटीने... हो, जावईच करतात, पण मला इथं बसावं लागतं. मी नसले तर हे पुन्हा काहीतरी उकळतील."

निर्जंतुकराव नळी घेऊन टाकीशी ओणवे झाले होते. त्यांनी मान वर केली नाही. काचेलगतची वाटीभर वाळू ओढून झाली, पाणी जरा गढूळ झालं, आणि ते थांबले.