पाणी पिऊन निघताना

भुईगावातली ती जुनी व्हॅन मी बायकोला न सांगता दोन-तीनदा बघून आलो होतो. तिला सांगायचो, जरा वसईला जाऊन येतो. शंका येऊ नये म्हणून येताना वाडीतली केळी आणायचो. घरात केळी इतकी झाली की शेवटी तिनेच विचारलं, "वसईत काय केळ्यांचा धंदा काढलात की काय?" मी हसलो आणि विषय बदलला. लपवण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. पण माझं मन त्या गाडीवर जडलं होतं, आणि तिला ती आवडणार नाही अशी भीती होती.

बेत दोघांचा होता. मी नोकरीतून लवकर मोकळा झालो, तिनेही शाळेतली नोकरी सोडली, मुलगी बंगळूरला आपल्या संसारात रमली. मनवेलपाड्याच्या फ्लॅटला कुलूप घालायचं आणि वर्षभर तरी गाडीतच राहून देश बघायचा. प्रश्न फक्त गाडी कुठली एवढाच होता. कामणला गोदामांच्या रांगेत एक वर्कशॉप आहे, तिथे मिनीबसच्या सांगाड्यावर मोटरहोम बांधून देतात. आणि दुसरी ही भुईगावची कॅम्पर व्हॅन, एका जहाजावरून निवृत्त झालेल्या काकांनी स्वतःच्या हाताने सजवलेली. आत दोन बाकं, रात्री ती जोडली की पलंग, एक शेगडी, छताला पंखा. बाहेरून रंग उडालेला, पण इंजिन पहिल्या चावीला बोलायचं.

सोसायटीत बातमी पसरली होती. खालच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यात भेटले की विचारायचे, "काय मग, शूटिंगवाल्यांची व्हॅनिटी घेताय म्हणे? सही द्याल ना आम्हाला?"

आधी कामणला गेलो. मोटरहोम गोदामाच्या मधोमध उभी होती, पांढरीशुभ्र. विक्रीवाला तरुण उत्साही होता. टीव्ही, एसी, फ्रिज, बटण दाबलं की बाहेर येणारं सावलीचं छत, एकेक दाखवत होता. मी सौजन्याने माना डोलावत होतो. बायकोचं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं. ती सरळ मागे गेली, एक अरुंद दार उघडलं, आत शिरली आणि कडी लावून घेतली. तरुण बोलता बोलता थांबला. आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत उभे राहिलो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हे रिकामं कोण करतं?"

तरुणाने खाली उतरून गाडीच्या कुशीतलं एक झाकण उघडलं, संडासाची टाकी ओढून दाखवली. "एकदम ईझी आहे मॅडम. तसे बहुतेक कस्टमर ड्रायव्हर ठेवतात, तोच बघतो."

"आमचे ड्रायव्हर हेच," ती माझ्याकडे बोट करत म्हणाली.

मी टायरवर काय लिहिलंय ते वाचायला लागलो.

परत निघालो तेव्हा दुपार तापली होती. रस्त्याकडेला उसाचा रस दिसला. मी गाडी हळू केली. ती म्हणाली, "तुम्ही घ्या. मला नको."

"तू प्रवासात कधी काही घेतच नाहीस," मी म्हणालो.

"का घेत नाही, कधी विचारलंत?"

मग तिने सांगितलं, आणि आवाज जराही न चढवता सांगितलं. गावाला, राजापूरला जायचं ठरलं की ती आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करायची. "महापालिका तोडते ना आपलं पाणी, तसं मी माझं तोडते." मी घाट लागायच्या आत एवढं अंतर कापायचं, तेवढं कापायचं म्हणून गाडी हाणायचो. थांबायचो ते मला चहाची तल्लफ आली की. तिथे बाईमाणसाची सोय आहे का, हे मी पाहिलेलं नव्हतं. आता तिचे गुडघेही दुखतात, उघड्यावर किंवा कुठल्याशा घाणीत तिला बसता येत नाही.

हे ऐकताना मला माझंच एक वाक्य आठवत होतं. गावी ओटीवर सगळे जमले की मी कौतुकाने सांगायचो, "आमची ही प्रवासात फार सोशिक हो. एकदा बसली की घर येईपर्यंत थांबा म्हणून म्हणायची नाही." ती तेव्हा आतून सगळ्यांना पाणी आणून देत असायची. स्वतः आधी दोन तांबे प्यायलेली असायची, हे आज कळतंय.

"त्या दुसऱ्या गाडीत आहे का संडास?" तिने विचारलं.

"दुसऱ्या कुठल्या?"

"केळीवाल्या."

तिला सगळं माहीत होतं. मी कबूल केलं, की नाही, त्यात नाही, पण वाटेत पेट्रोल पंप असतात, ढाबे असतात.

"मग तुम्ही फिरून या. मी राहते घरी," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने ते मनाशी ठरवून टाकल्यासारखं म्हटलं, आणि उरलेल्या वाटेत दुकानांच्या पाट्या वाचत बसली.

तिच्याशिवाय जाण्याचा विचार मी त्या रात्री करून पाहिला, हेही सांगून टाकतो. फार वेळ करवला नाही. सकाळी म्हटलं, मोटरहोमच घेऊ. पण भुईगावला काकांना तसं सांगायला तरी चल माझ्याबरोबर, मी त्यांना शब्द दिल्यासारखं झालंय. ती आली.

गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तरी कुंपणाला चिकटावं लागतं. काका-काकू वाडीतच होते. मी काय सांगायला आलोय ते ऐकून काका नुसते हुं म्हणाले. काकूंनी मात्र माझ्या बायकोला हाताला धरून व्हॅनमध्ये नेलं.

"गाडीत ती सोय नाय, म्हनून नको? कोन म्हनतो नाय?" काकू म्हणाल्या. "पार दक्षिणेत वेलंकनीच्या यात्रेला जाऊन आलो आमी दोघं. मी काय तिथवर तशीच बसले?"

त्यांनी दाराजवळच्या बाकावरची गादी उचलली आणि फळी सरकवली. खाली एक पेटी होती. आत बादली, वर बसायला रुंद कडं, घट्ट बसणारं झाकण. बाजूला हाताला धरायला दांडी ठोकलेली, आणि छताला पडद्याची तार.

त्या बाकावर बसून मी आधीच्या प्रत्येक खेपेला चहा प्यायलो होतो. इंजिन पाहिलं, क्लच पाहिला, गाडीखाली आडवा होऊन गंज पाहिला. बुडाखाली काय आहे ते विचारलं नव्हतं.

बायकोने कामणला विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला. "रिकामं कोण करायचं?"

"हा. आनि कोन?" काकूंनी काकांकडे हनुवटी उडवली. "पंपावर संडास असतो, तिथे नेऊन ओततो, धुतो. नाक दाबायला मी, काम करायला हा."

काका म्हणाले, "हिने रांधायचं, मी ओतायचं. लगीन म्हंजे तेच."

बायको इतकी हसली की तिला दांडी धरावी लागली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही कराल?"

"हो," मी म्हणालो. जरा जास्तच चटकन म्हणालो.

"घरातला तरी धुतलाय का कधी?"

नव्हता धुतला. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही. काका-काकूंसमोर मान खाली घालून मी तसं सांगितलं. काका म्हणाले, "मग आधी घरी सुरू करा. गाडी कुठे पळते?"

दुसऱ्या दिवशी मला ब्रश कुठे ठेवतात हेही विचारावं लागलं. पहिल्यांदा ब्रश बुडवला आणि तोंड फिरवलं. पण खरं सांगायचं तर तो वासाचा त्रास नव्हता. हे काम आपलं नव्हे, ते दुसऱ्या कोणाचं तरी, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. लहानपणी आमच्या चाळीत जो माणूस हे काम करायचा, त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं मी पाहिलं आहे. ऑफिसात मी समानतेवर भाषण केलेलं आहे. दोन्ही गोष्टी त्या ब्रशबरोबर हातात आल्या. पहिले काही दिवस बायको मागून येऊन तपासायची आणि "कोपरा राहिला" एवढंच म्हणायची. पुढे तपासणं बंद झालं. एकदा फोनवर मुलीला सांगत होती, "तुझे बाबा आता माझ्यापेक्षा चांगला धुतात. नको, कौतुक करू नकोस, लगेच थांबतील."

मग मी पुन्हा विचारलं, की मोटरहोमला रीतसर दार आहे, कडी आहे. व्हॅनमध्ये नुसता पडदा. नीट विचार कर, तू म्हणशील तीच घेऊ.

तिने विचार केला, भाजी निवडता निवडता. "मोठ्या गाडीत तुम्ही तिकडे पुढे, मी इकडे मागे. तसं तर घरीही आहे," ती म्हणाली. "लहानच घ्या. पण मी पडदा ओढला की तुम्ही खाली उतरायचं. बाहेर उभं राहायचं, पाठ करून. पाऊस असला तरी."

"छत्री घेऊन उभा राहीन," मी म्हणालो.

व्हॅन घेऊन भुईगावहूनच निघालो, त्या सकाळी काकूंनी अंगणात चहा दिला आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. बायकोने भांडं भरलं, प्यायली. पुन्हा भरलं. मी गाडीच्या काचा पुसत होतो, पण माझं सगळं लक्ष त्या भांड्याकडे होतं. तिने तिसऱ्यांदा तोंडाला लावलं, आणि भांड्याच्या काठावरून माझ्याकडे बघत सावकाश संपवलं. काका गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "जा आता."

वसई सोडून भिवंडीच्या रस्त्याला लागलो. कामणची गोदामं दिसायला लागली. ती पांढरी मोटरहोम त्यातल्या एखाद्या शेडमध्ये अजून उभी असेल, असं मनात येतंय तोच ती म्हणाली, "अहो, जरा बाजूला घ्या गाडी."

हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी झाडाखाली गाडी घेतली. मागे पडद्याच्या कड्या तारेवरून सरकल्या. मी खाली उतरलो, पाठ करून उभा राहिलो. ट्रक जात होते, धूळ उडत होती. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. तरी मी सीटखालून छत्री काढली होती, ती उघडली.

आतून तिचा आवाज आला, "छत्री उघडलीत की काय?"

"हो."

"वेडे आहात," ती म्हणाली. "थांबा तसेच. घाई नाही मला."